अकरा थर्मामीटर

पुंजाराम पगारे यांच्या सेवापुस्तकात तांबड्या शाईत लिहिलेली एक ओळ होती. ‘हलगर्जीपणामुळे अकरा तापमापक निकामी केले. सक्त ताकीद देण्यात येत आहे.’ खाली ९ ऑगस्ट १९७१ ही तारीख आणि तेव्हाच्या मुख्याध्यापकांची लफ्फेदार सही. निवृत्त व्हायच्या आत हा डाग आपल्या नावावरून निघावा, एवढी एकच इच्छा या माणसानं मनात धरली होती. पण ती त्यांनी कुणापाशी बोलून दाखवली नाही. बोलणार तरी कशी? ती ओळ खरीच आहे, असं त्यांना स्वतःलाच वाटत होतं.

पुंजाराम नाशिकच्या जुन्या गावातल्या एका हायस्कुलात प्रयोगशाळेचे शिपाई होते. कागदावर ‘प्रयोगशाळा परिचर’, पोरांच्या तोंडी ‘मामा’. जन्म दिंडोरी तालुक्यातल्या एका खेड्यातला. गावच्या शाळेत त्यांची जागा दाराबाहेर, चपला काढतात तिथे. मास्तर त्यांची पाटी हातात न घेता लांबूनच बघायचे आणि बरोबर-चूक सांगायचे. तशातही गडी सातवीची फायनल पास झाला. छप्पन साली घरच्यांनी बुद्धधम्माची दीक्षा घेतली आणि अठ्ठावन्न साली पुंजाराम नाशिकला नोकरीला लागले. पहिल्याच दिवशी विज्ञानाच्या सरांनी काचेची तीस भांडी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "ही आजपासून तुझ्या ताब्यात." ज्याला गावात पाण्याच्या माठाला हात लावायची मुभा नव्हती, त्याच्या ताब्यात तीस काचेची भांडी! पुंजारामांनी ती त्या दिवशी दोनदा धुतली. घरी येऊन विमलाबाईंना, म्हणजे बायकोला, सांगितलं, "समद्याला हात लावला, कुणी काय बोललं नाय." त्यांनी हे हसत सांगितलं. विमलाबाईंना मात्र हसू आलं नाही.

पुढच्या तेरा वर्षांत त्यांच्या हातून एक नळीसुद्धा फुटली नाही. मग एकाहत्तर साली मुळेसर आले.

मुळेसर रत्नागिरीचे. पंचविशीतले, हुशार, आणि हे मुद्दाम सांगायला हवं, प्रामाणिक. त्यांच्या आधीचे सर सहावीच्या मुलांना पाणी उकळून दाखवायचे, तेव्हा थर्मामीटरकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. ‘शंभर अंश, लिहा’ म्हणायचे. पोरं लिहायची, मामा स्टो विझवायचे, प्रयोग संपायचा. मुळेसरांनी मात्र खाली वाकून, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणून बघितलं. पारा अठ्ठ्याण्णववर थांबला होता. त्यांनी दुसरा थर्मामीटर घातला. अठ्ठ्याण्णव. तिसरा, चौथा, असं करत अकराच्या अकरा झाले. सगळे अठ्ठ्याण्णव. रत्नागिरीच्या शाळेत आणि कॉलेजात त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पारा शंभरावर बघितला होता, आणि पुस्तकातही शंभरच लिहिलेलं होतं. मग खोटं कोण? अर्थात थर्मामीटर. आणि ते बिघडवले कुणी? रोज हाताळतो त्यानं.

"पुंजाराम, तू हे कशानं धुतोस?" सरांनी विचारलं.

आपल्याहून अठरा वर्षांनी मोठ्या माणसाला ‘तू’ म्हणण्यात त्यांना काही वाटलं नाही. शाळेत कुणालाच वाटत नसे. मामांनी खरं ते सांगितलं. तेलकट डाग निघत नव्हते म्हणून गेल्या महिन्यात एकदा गरम पाण्यानं धुतले होते.

"झालं तर! काच फुगली, पारा खाली बसला. अकराच्या अकरा घालवलेस."

जो थर्मामीटर उकळत्या पाण्यात घालायलाच बनवलेला आहे तो गरम पाण्यानं धुतला म्हणून कसा बिघडेल, हे त्या वेळी दोघांनाही सुचलं नाही. एकाचा पुस्तकावर विश्वास होता, दुसऱ्याचा पुस्तक शिकलेल्या माणसावर.

ताकीद मिळाली. अकरा थर्मामीटर लाकडी खोक्यात गेले, खोक्यावर ‘निकामी’ अशी चिठ्ठी लागली आणि ते कपाटाच्या डोक्यावर जाऊन बसलं. शाळेची निकामी वस्तू टाकून द्यायची तर त्यासाठी समिती बसावी लागते, आणि समिती काही बसली नाही. नवे डझनभर थर्मामीटर आले, पण तेही खराब होतील या धास्तीनं मुळेसरांनी ते कपाटात बंद करून किल्ली आपल्या खिशात ठेवली. त्यानंतर त्या शाळेत पाणी उकळलं ते फळ्यावर, खडूनं. चौऱ्याहत्तर साली प्रयोगशाळा सहाय्यकाची जागा निघाली. मामा सगळ्यांत जुने होते. पण क्लार्कनं सेवापुस्तक उघडलं, तांबडी ओळ बघितली आणि जागा दुसऱ्याला गेली. मामांनी तक्रार केली नाही. त्यांनी फक्त गरम पाणी वापरायचं सोडलं. जानेवारीत नाशकात सकाळी नळाखाली हात धरवत नाही, तेव्हासुद्धा ते काचेची भांडी गार पाण्यानंच धुवायचे. बोटं फुटायची, विमलाबाई त्यावर खोबरेल चोळायच्या आणि मुळेसरांचा उद्धार करायच्या.

"त्यांना काय बोलू नको," मामा म्हणायचे. "चूक माझी हाय."

एकोणऐंशी साल हे बालकवर्ष म्हणून जगभर साजरं झालं. शाळाशाळांना परिपत्रकं आली. बहुतेकांनी चित्रकला स्पर्धा आणि प्रभातफेरी उरकून अहवाल पाठवला. या शाळेत तेव्हा कुलथेबाई मुख्याध्यापिका होत्या. बाई भूगोलाच्या, आवाज खणखणीत, आणि प्रभातफेरीचा त्यांना मनापासून कंटाळा. त्यांनी ठरवलं की मे महिन्याच्या सुट्टीत पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी रोज सकाळी आठ ते साडेदहा वर्ग घ्यायचा. परीक्षा नाही, गृहपाठ नाही. हातानं करून बघायचं. मुलं निवडायची त्यांची तऱ्हाही निराळीच होती. त्यांनी शिक्षकांना सांगितलं, "वर्गात सारखे प्रश्न विचारून तुम्हाला भंडावून सोडणारी पोरं मला द्या." शिक्षकांनी इतक्या आनंदानं कुठल्याच आदेशाचं पालन केलं नसेल. दोन दिवसांत अठरा नावं आली.

पहिला आठवडा मुळेसरांनी छान शिकवलं. मग त्यांना दहावीचे पेपर तपासायला पुण्याला जायचा हुकूम आला. पंधरवड्याचं काम, मग तिथूनच परस्पर सुट्टीला रत्नागिरी. ते गेले, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात तशीच गेली. बाईंच्या मागे निकाल आणि नवे प्रवेश लागलेले. त्या म्हणाल्या, "पुंजाराम, वर्ग बंद करायचा नाही. तुम्ही चालवा. मी मधूनमधून येईन."

मामांना घाम फुटला. एकवीस वर्षं ते सगळे प्रयोग बघत होते. कुठलं द्रव्य कशात टाकलं की रंग बदलतो, कुठल्या वेळी लांब उभं राहायचं, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. पण ‘का’ ते ठाऊक नव्हतं, आणि ही अठरा पोरं तर त्या एका शब्दासाठीच गोळा केलेली. पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, "मामा, चुनकळी पाण्यात टाकली की पाणी गरम का होतं?"

"मला ठाव नाय," मामा म्हणाले. "वहीत लिहून ठेवा. बाई आल्या की विचारू."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांच्या उभ्या आयुष्यात ‘मला ठाऊक नाही’ असं म्हणणारा मोठा माणूस त्यांना भेटला नव्हता. आठवड्यात त्या वहीत चौसष्ट प्रश्न जमा झाले. एकाही पोरानं खाडा केला नाही.

त्यांत सलिमा नावाची सातवीतली मुलगी होती. भद्रकालीत स्टो दुरुस्त करणाऱ्या जमीलभाईंची थोरली. पिन कशी घालायची, वायसर कधी बदलायचा हे तिला पाढ्यांच्या आधी येत असावं. एके दिवशी तिनं विचारलं, "मामा, पाण्याला उकळी आल्यावर स्टो आणखी मोठा केला तर पाणी आणखी गरम होतं का? अब्बा म्हणतात होतं. अम्मी म्हणते, रॉकेल वाया जातं नुसतं."

प्रश्न झकास होता, पण त्याला थर्मामीटर हवा. चांगले कुलपात. मामांनी थोडा विचार केला, स्टुलावर चढून कपाटावरचं खोकं काढलं आणि त्यावरची आठ वर्षांची धूळ पुसली.

"हे बिघडलेले हायेत. दोन अंश कमी दावतात. पण वाढतंय का नाय, ते तर कळंल."

पाणी उकळलं. पारा अठ्ठ्याण्णववर येऊन थांबला. सलिमानं पंप मारून मारून स्टो भरभरा पेटवला. पाणी उसळ्या मारायला लागलं, पारा जागचा हलेना. अम्मी जिंकल्याची नोंद वहीत झाली. सलिमा मात्र खोक्याकडे बघत राहिली.

"मामा, सगळे दोनच अंश कमी दाखवतात?"

"अकराच्या अकरा."

तिनं एकेक करून सगळे घालून बघितले. मग म्हणाली, "अब्बांकडे अकरा स्टो आले तर ते अकरा तऱ्हेनं बिघडलेले असतात. एकाचा वायसर गेलेला, एकाच्या बर्नरमध्ये कचरा. अकराच्या अकरा एकसारखे बिघडलेले मी तरी कधी बघितले नाहीत. हे कसे काय बिघडले?"

"गप बस!" मामा ओरडले. "शिकल्यासवरल्या मानसांनी बघितलंय ते. तुला जास्त कळतं का?"

ही पोरं ज्या वाक्याला कंटाळून इथं आली होती, नेमकं तेच वाक्य मामांच्या तोंडून निघालं. सलिमा खाली बसली.  मामांनी स्टो विझवला आणि त्या दिवशी वर्ग नवालाच सोडला. खरं म्हणजे ते पोरीवर चिडलेच नव्हते. तिनं त्यांच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं आणि ते बोट बरोबर जागी पडलं आहे, हे त्यांना कळलं होतं. एवढीशी पोर जे पाच मिनिटांत विचारते, ते आपण आठ वर्षांत एकदाही विचारलं नाही, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मामा शाळेत आले ते खांद्यावर गोणपाट घेऊन. गोणपाटात बर्फाची लादी.

"सलिमा, काल तुला उगा बोललो," त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. "ये हिकडं. बर्फात किती दावतात ते बघू."

बर्फाचा चुरा केला, त्यात थोडं पाणी घातलं आणि अकरा थर्मामीटर ओळीनं बुडवले. पोरं डोक्याला डोकी लावून आत बघू लागली. हळूहळू पारा उतरत गेला आणि एकेक करून शून्यावर थांबला. अकराही शून्यावर. ना वर, ना खाली.

"बिघडलेले असते तर इथंपण चुकले असते, मामा," सलिमा म्हणाली.

 मामांनी हात धोतराला पुसले. मुलं गेल्यावर त्यांनी स्टोवर मोठं पातेलं ठेवलं, पाणी तापवलं आणि प्रयोगशाळेतलं झाडून सगळं काचसामान कढत पाण्यानं धुऊन काढलं. एक चंचुपात्र धुतलं की डोळे पुसायचे, दुसरं घ्यायचे. राग होता, पण तो कुणावर काढावा ते त्यांना समजेना.

थर्मामीटर बरोबर ठरले. मग पाणी चुकतं कसं? संध्याकाळी जेवताना त्यांनी हे कोडं विमलाबाईंपुढे टाकलं. विमलाबाईंचं माहेर त्र्यंबककडचं.

"त्यात काय नवल?" त्या म्हणाल्या. "आमच्या आत्याच्या वाडीवर, पार वर डोंगरात, तुरीची डाळ शिजता शिजत नाय. हिथं शिजती त्याच्या दीडपट लाकडं लागत्यात. पानी नुसतं खदखदतं, पर त्याला जोरच नसतो. जागाजागाचं पानी असतं."

सकाळी मामा वर्गाच्या आधी बाईंच्या खोलीत गेले. त्यांनी अठ्ठ्याण्णव सांगितलं, बर्फ सांगितला, डाळ सांगितली. कुलथेबाई ऐकता ऐकता उभ्या राहिल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"अहो, नाशिक रोड स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते! पावणेसहाशे मीटरच्या आसपास आहोत आपण. उंचावर हवेचा दाब कमी, आणि दाब कमी म्हणजे पाणी लवकर उकळणार. नववीच्या पुस्तकात आहे हे!"

होतंच. पण पाणी शंभरला उकळतं हा धडा सहावीत, दाबाचा धडा नववीत, आणि नाशिकची उंची भूगोलात. तिन्ही धडे एकाच इमारतीत इतकी वर्षं शिकवले जात होते आणि त्यांची एकदाही गाठ पडली नव्हती.

बाईंनी सांगितलं म्हणून मान डोलावतील तर ती पोरं कसली? वर जाऊन बघू आणि खाली जाऊन बघू, असा त्यांनी हट्टच धरला. खाली जायची सोय आयती होती. वाल्मीक नावाचा सहावीतला मुलगा कल्याणला आपल्या सख्ख्या मामाकडे निघाला होता. त्याच्याबरोबर एक थर्मामीटर पायमोज्यात घालून, पायमोजा पिठाच्या डब्यात खुपसून पाठवला. वर जायला ब्रह्मगिरी ठरला. जमीलभाईंनी अट घातली की स्टो त्यांचा असेल आणि तो ते स्वतः उचलतील. पोरांच्या हाती ते स्टो देणार नाहीत. पहाटेच्या एसटीनं सगळे त्र्यंबकला गेले आणि उन्हं तापायच्या आत डोंगर चढले. वाटेत माकडांनी चिवड्याची पिशवी पळवली. माथ्यावर वारा असा की स्टो पेटेना. शेवटी सगळी पोरं गोल करून पाठीला पाठ लावून बसली आणि मध्ये जमीलभाईंनी काडी ओढली. दर्शनाला आलेल्या एका आजीबाईंनी विचारलं, "चहा करताय व्हय?"

"नाही आजी, पाणी उकळतोय."

"मग चहा टाका की त्यात."

पारा चढत गेला. मामा पालथे पडून, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणून बघत होते. पाणी खळाखळा उकळायला लागलं. पारा पंच्याण्णवच्या पुढे गेला आणि शहाण्णवच्या आत थांबला. सलिमानं बघितलं, मग एकेक करून सगळ्यांनी बघितलं. जमीलभाईंनी बघितलं आणि म्हणाले, "माशाल्ला, इथं तर उकळी आणखी सस्ती!" पोरांनी असा आरडाओरडा केला की पुन्हा माकडं आली.

चार दिवसांनी वाल्मीकचं पोस्टकार्ड आलं. ‘मामा, शंभर. तीन वेळा बघितले. मामी रागावली. थर्मामीटर शाबूत आहे.’

मामांनी ते कार्ड खिशात ठेवलं आणि जन्मात पहिल्यांदा अर्ज लिहायला बसले. चार ओळींचा अर्ज, पण त्याला दोन दिवस लागले. ‘माझ्या सेवापुस्तकातील नोंद खोटी आहे, ती काढावी, ही विनंती.’ ‘खोटी’ हा शब्द त्यांनी तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला. शेवटी विमलाबाई म्हणाल्या, "खोटं हाय तर खोटं लिवा. आता कुणाला भिता?" मग तो राहिला.

क्लार्कनं अर्ज वाचून मान हलवली. सेवापुस्तकात खाडाखोड चालत नाही, एकदा लिहिलं ते लिहिलं. फार तर त्याखाली नवी नोंद करता येईल, पण ज्यांच्या तक्रारीवरून आधीची नोंद झाली त्यांचं लेखी म्हणणं हवं. म्हणजे सगळं येऊन अडलं मुळेसरांपाशी. मुळेसर आता पर्यवेक्षक झाले होते. शिपायाच्या अर्जावर, शाळकरी पोरांच्या वहीवर विसंबून, आपण चुकलो असं एखादा पर्यवेक्षक लिहून देईल का? मामांना खात्री नव्हती. शाळा उघडेपर्यंतचे दिवस त्यांना फार जड गेले.

जूनमध्ये मुळेसर आले. बाईंनी वही त्यांच्यापुढे ठेवली. सरांनी ती उभ्यानं चाळली, "पोरांनी काहीतरी केलंय," एवढं म्हणाले आणि निघून गेले. मामांनी ते दाराबाहेरून ऐकलं. पण शाळा सुटल्यावर सर एकटेच प्रयोगशाळेत आले. खिशातून किल्ली काढून त्यांनी कपाट उघडलं. नवे थर्मामीटर अजून कंपनीच्या कागदातच होते. त्यांनी त्यातला एक काढला.

"स्टो पेटव, पुंजाराम."

मामांनी पेटवला. दोघं पाण्याकडे बघत उभे राहिले. उकळी आली, सर वाकले. अठ्ठ्याण्णव. त्यांनी दुसरा काढला, मग तिसरा. चौथ्याला हात घातला आणि तो तसाच परत ठेवला. पाणी आटत चाललं होतं, तरी स्टो बंद करा असं कुणी म्हणेना.

"रत्नागिरीला शंभरच यायचं, पुंजाराम," सर शेवटी म्हणाले.

"तिथं येनारच, सर. तिथं दारात समुद्र हाय."

मुळेसर स्टुलावर बसले. "नववीला तो दाबाचा धडा मी आठ वर्षं शिकवतोय," ते म्हणाले. मग त्यांनी वहीतला कोरा कागद फाडला आणि तिथंच, मामांच्या टेबलावर, एकटाकी लिहून काढलं. तक्रार आपण केली होती, ती चुकीची होती, दोष थर्मामीटरचा नव्हता आणि पुंजाराम पगारे यांचा तर नव्हताच. सही करून कागद पुढे करताना ते म्हणाले, "हे घ्या, मामा." आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. मामांच्या आलं.

सहाय्यकाची जागा काही त्यांना मिळाली नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ती भरलेली होती आणि पुन्हा निघाली तेव्हा मामांचं वय उलटून गेलं होतं. शहाऐंशी साली ते परिचर म्हणूनच निवृत्त झाले. उन्हाळ्याचा वर्ग मात्र तोवर दर वर्षी भरला, आणि पाणी दर वर्षी खरोखरचं उकळलं.

नवी नोंद एकोणऐंशीच्या जुलैत झाली. बाईंनी मामांना खोलीत बोलावलं, बसायला खुर्ची दिली आणि सेवापुस्तक त्यांच्याकडे फिरवलं. तांबड्या ओळीच्या खाली निळ्या शाईत बाईंचं ठसठशीत अक्षर होतं. ‘दि. ९-८-७१ च्या नोंदीतील अकरा तापमापक निर्दोष असल्याचे सिद्ध झाले आहे. नाशिक येथे पाणी ९८ अंशांस उकळते. श्री. पुंजाराम पगारे यांच्याकडून कोणताही हलगर्जीपणा झालेला नाही.’ शिपायाच्या सेवापुस्तकात पाण्याचा उत्कलनबिंदू पहिल्यांदाच लिहिला जात असावा. क्लार्क नाराज होऊन शेजारी उभा होता.

मामांनी ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. बाईंनी सहीसाठी पेन पुढे केलं, पण त्यांनी ते घेतलं नाही.

"बाई, उंची ऱ्हायली."

"कसली उंची?"

"नाशिकची. नुसतं अठ्ठ्यान्नव लिवून कसं चालंल? उद्या समुद्राकडचा कुणी साहेब बदलून येईल, हे वाचंल, म्हनंल, पानी तर शंभरला उकळतं, ह्यांचे थर्मामीटर खराब हायेत. आणि पुन्यांदा कुणातरी मामाच्या माथी मारंल."

"अहो, हे तुमचं सेवापुस्तक आहे, भूगोलाचं नाही," क्लार्क म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पेन मागे घेतलं, ‘नाशिक येथे’ या शब्दांपुढे खूण केली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ५७० मीटर’. शेजारी आपली आद्याक्षरं टाकली आणि सेवापुस्तक पुन्हा मामांकडे फिरवलं.

मामांनी तिसऱ्यांदा सगळं वाचलं. "आता बरोबर हाय," ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली.